चाळीस फुटी माकुळाची शिलाई

माझं सगळं आयुष्य दुसऱ्याचा माल झाकण्यात गेलं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर, ढाब्यांच्या रांगेला लागून, माझं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. आता मशीनवर मुलगा बसतो आणि मी शेजारी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. मुलाला हे आवडत नाही, पण दुकान अजून माझ्या नावावर आहे.

बाहेरच्या माणसाला ताडपत्री म्हणजे एक मोठी चादर वाटते. तसं नसतं. कापडाचे पट्टे एकमेकांवर चढवून दुहेरी शिलाई मारायची, कडा दुमडून आत दोरी घालायची, दर दोन फुटांवर पितळी रिंग ठोकायची, एवढं कुणीही शिकतो. अवघड असतं ते पाणी. पाऊस वरून पडतो आणि निघून जातो असं तुम्हाला वाटतं, पण पाणी बसायला जागा शोधत असतं. जिथं बसलं तिथं कापड फाडतं. म्हणून ताडपत्रीचा जो कोपरा सगळ्यात खाली येणार, तिथं आम्ही बोटभर फट सोडतो. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि मी पहिल्याच दिवशी ते विसरलो, तेव्हा त्यांनी असं काही समजावलं की हाताला कायमचं वळण लागलं. आज मी उशीचा अभ्रा शिवला तरी त्याला कोपऱ्यात फट राहते. बायको त्यावर काय बोलते ते इथं लिहीत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. आष्टीकडच्या एका शेतकऱ्यानं बैलासाठी रेनकोट शिवून घेतला, चार बाह्यांचा. पाठीवर नुसती झूल पुरे, असं मी सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, बैलाचे गुडघे भिजतात. कोट चढवल्यावर बैल जो उभा राहिला तो संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. दुसरं एक गाव पुतळ्याची खोळ शिवून घेऊन गेलं. अनावरणाला कुणाला बोलवायचं यावरून गावात दोन तट पडले. पहिली खोळ उन्हानं विरली, मग दुसरी नेली, आता तिसरी चालू आहे. पुतळा कुणाचा ते मी सांगत नाही, कारण मीही अजून पाहिलेला नाही. खांद्यात बेचाळीस इंच आहे, एवढं मात्र खात्रीनं सांगू शकतो.

पण या सगळ्यांवर कडी केली ती शेळके बाईंनी. लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे, तिथल्या या बाई. माहेर आष्टीचं, त्यामुळे बोलणं सरळ आणि ऐकून घेणं कमी. पितृपक्षात एका दुपारी स्कूटीवरून आल्या आणि म्हणाल्या, "काका, मला एक माकूळ शिवून पाहिजे. चाळीस फुटी."

मी विचारलं, किती टनी गाडीवर टाकायचंय?

बाईंनी मोबाइल काढून चित्र दाखवलं. समुद्राच्या पार खाली राहणारा तो महाकाय माकूळ. मासा म्हणावा तर शेंड्याला पंख, पोतं म्हणावं तर त्याला डोळे, आणि खालून दहा लांबच लांब शेपट्या. बाई म्हणाल्या, शेपट्या नाहीत, आठ हात आहेत आणि दोन सोंडेसारख्या लांब भुजा आहेत. भक्ष्य दिसलं की या दोन भुजा फेकून तो ते पकडतो. वर्गात समुद्राचा धडा चालू असताना पाचवीतल्या ऋतुजानं विचारलं होतं, की हा नेमका केवढा असतो. बाईंनी विहिरीचा दोर आणून मोजून दाखवला. दोर वर्गाच्या भिंतीला लागला, दारातून व्हरांड्यात गेला, तरी संपेना. तेव्हापासून पोरांनी घोशा लावला होता की आपण तो बनवायचा.

मी म्हणालो, बाई, आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र कुठं, आपल्याला टँकर माहीत. पोरांना टँकर शिवून देतो, माप पाठ आहे.

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या पाठीमागं भिंतीकडं बघत होत्या. पितृपक्षात कुणी नवी वस्तू घरी नेत नाही, म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ताडपत्र्या तेव्हा शिवून, गुंडाळून भिंतीला उभ्या असतात. प्रत्येक गुंडाळीवर पांढऱ्या रंगानं नाव आणि माप. कारखान्यावर गेल्यावर याच ताडपत्रीची कोपी करून ही माणसं पाच-सहा महिने राहतात. बाईंनी विचारलं, की काही दहा-बाराच्या आणि काही पंधरा-अठराच्या का?

मी धंद्याच्या तोऱ्यात सांगून गेलो. नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर दहा बाय बारा पुरते. पोरं सोबत न्यायची असली की पंधरा बाय अठरा लागते.

बाई उठल्या आणि एकेक नाव वाचू लागल्या. त्यांच्या शाळेतल्या पोरांच्या बापांची अकरा नावं निघाली, आणि अकराही पंधरा-अठराची. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मागं राहणाऱ्या पोरांच्या जेवणाची सोय वस्तीवरच होते, पण यादीत नाव आईबापांनी द्यावं लागतं. त्या दरवर्षी सभा बोलावतात. सभेला दोन म्हातारे येतात आणि चहा पिऊन जातात. दिवाळीनंतर पाचवीच्या बाकावर कुणी नसतं. पोरगी तिकडं कोपीत धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, आणि परत येते तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते.

"माणसं ऐकायला येत नाहीत काका," बाई म्हणाल्या, "बघायला येतात. म्हणून मला मोठं काहीतरी पाहिजे."

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. कोणतं पोर यंदा शाळा सोडून चाललंय, हे वस्तीच्या बाईंच्या आधी मला कळत होतं, आणि तेही बत्तीस वर्षं. मी त्यातून फक्त कापड किती लागेल एवढंच काढलं होतं. मी म्हणालो, बाई, शिवून देतो. शिलाई माझ्याकडून.

आता चाळीस फुटी माकूळ शिवायचा तर कापड पाहिजे. नवी ताडपत्री निळी किंवा पिवळी येते आणि बाईंना तांबूस पाहिजे होता. रंगाचा प्रश्न आपल्याकडं कधी साधा नसतो, म्हणून मी जुन्या सुती ताडपत्र्या काढल्या आणि घराच्या भिंतींना देतात ती काव लावून रंगवल्या. पहिल्या दिवशी मी डोळे बसवले ते पंखांच्या टोकाला. जनावराचं तोंड शेंड्याला असणार, असा माझा साधा हिशेब. बाईंनी येऊन डोक्याला हात लावला. या प्राण्याचं धड वर, डोकं मध्ये आणि हात थेट डोक्याला फुटलेले. तोंड त्या दहा हातांच्या बरोबर मधोमध, आणि त्यात पोपटासारखी चोच. मी म्हणालो, एवढी उलटसुलट शिलाई आमच्याकडं शिकाऊ पोरानं केली असती तर कानाखाली वाजली असती. पण उसवलं आणि परत शिवलं.

एका गोष्टीत मात्र मी बाजी मारली. माकुळाच्या हातांना चूषक असतात, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, आणि त्या वाट्यांच्या कडेला दातेरी कडं असतं. देवमासा त्याला खायला येतो तेव्हा हा त्या कड्यांनी असा काही धरतो की देवमाशाच्या कातड्यावर गोल वळ उठतात. बाई विचारात पडल्या होत्या की हे कसं दाखवायचं. मी पितळी रिंगांचा डबा पुढं ठेवला. दर दोन फुटांऐवजी दर दोन इंचांवर रिंग ठोकली. तेवढ्या रिंगांत चार ट्रक झाकले असते. पण हात असा झाला की मलाच भीती वाटली.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. माकूळ तेव्हा मशीनवरच पसरलेला होता, त्यामुळे त्यालाही हळदकुंकू लागलं आणि डोळ्यावर झेंडूची माळ आली. दोन ट्रक ड्रायव्हरांनी खाली उतरून हात जोडले. एकानं कोणत्या देवीचं ठाणं आहे म्हणून विचारलं. मुलगा खुलासा करायला निघाला होता, मी त्याला गप्प केलं. श्रद्धेनं नारळ ठेवलाय माणसानं, आणि नारळ चांगला होता.

भरायला कापूस परवडणारा नव्हता. मी सुचवलं, सोयाबीनचं भूस भरा. हलकं असतं आणि यंदा घरोघरी आहे. पोरांनी पोती आणली आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी माकूळ शाळेत आडवा झाला. धड वर्गात, डोकं उंबऱ्यावर, आठ हात व्हरांड्यात, आणि दोन लांब भुजा पायऱ्या उतरून अंगणातल्या लिंबापर्यंत. बाईंनी वर्गाची खिडकी काळ्या ताडपत्रीनं बंद केली, कारण तो जिथं राहतो तिथं उजेड पोचत नाही.

बाईंचं म्हणणं खरं ठरलं. सगळी वस्ती आली. शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर भरून माणसं आली. ऋतुजाचा बाप भागवत आणि आई मीरा आली, कडेवर धाकटा. भागवत म्हणजे कमी बोलणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. त्याची पंधरा-अठरा माझ्या दुकानात तयार उभी होती, त्यामुळे माझ्याशी नजर पडताच तो उगाच "येतो दोन दिवसांत" म्हणाला.

माहिती सांगायला ऋतुजा होती. हातात तुरीची काठी, दोन वेण्या, आवाज खणखणीत. तिनं सुरुवातच केली, "आपली बोअर आठशे फुटाला कोरडी जाती. ह्यो हजार फुटाच्या बी खाली ऱ्हातो."

गर्दीतून एक म्हातारबा म्हणाले, "आन् तिथं पानी हाय?"

"तिथं पानीच हाय, आबा."

 म्हातारबांनी लगेच तिथला बोअरचा पॉइंट कुणी दाखवला होता, तो जमिनीतलं पाणी सांगणारा पानाड्या अजून जिवंत आहे का, अशी चौकशी केली. हसायला फक्त पोरं हसली. मोठी माणसं उत्तराची वाट बघत होती.

ऋतुजा पुढं सरकली. याला तीन काळजं असतात. रक्त निळं असतं. याचा मेंदू चकलीच्या कड्यासारखा गोल असतो आणि घास त्या कड्यातून खाली उतरतो, म्हणून चोचीनं आणि खरबरीत जिभेनं बारीक करूनच गिळावं लागतं. "मोठा घास घेतला तर मेंदूला लागतो," ती म्हणाली आणि तिनं धाकट्या भावाकडं असं बघितलं की त्यानं तोंडातलं बिस्कीट चावायला सुरुवात केली. मग तिनं सांगितलं, की खोल पाण्यात तरंगायला म्हणून याच्या मांसात नवसागर असतो, त्यामुळे चव कडू लागते. आमच्याकडं नवसागर कोणत्या भट्टीत पडतो हे ज्यांना माहीत आहे ते दोघं-तिघं मागच्या रांगेतून पुढं आले आणि अतिशय लक्ष देऊन ऐकू लागले.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. आता माझी चूक सांगायची वेळ आली. दहाच्या दहा हातांच्या टोकाला मी बोटभर फट सोडली होती. का सोडली? पाणी निघून जायला. हजार फूट पाण्याखाली राहणाऱ्या जनावराला मी पाण्याचा निचरा करून दिला होता. माझ्या हातानं ते माझ्या नकळत केलं होतं आणि त्या फटीतून सकाळपासून भूस गळत होतं. लिंबाला एक म्हैस बांधलेली होती. तिनं आधी खाली सांडलेलं खाल्लं, मग एका लांब भुजेचं टोक तोंडात धरलं आणि ओढायला लागली. म्हशीनं ओढलं की उंबऱ्यावरचं डोकं हलायचं. आतल्या बायका किंचाळल्या, कारण त्यांना म्हैस दिसत नव्हती, नुसतं शेजारचं धड आपोआप सरकताना दिसत होतं.

म्हशीचा मालक एका बाजूनं धावला, मी दुसऱ्या बाजूनं. मी भुजा धरली, त्यानं म्हैस धरली. वयाच्या साठाव्या वर्षी मी जिल्हा परिषदेच्या अंगणात म्हशीशी रस्सीखेच खेळलो आणि हरलो. साडेचार फूट कापड पितळी रिंगांसकट तिच्या तोंडात गेलं. रिंगा तिनं नंतर एकेक करून बाहेर टाकल्या. म्हशीचा मालक मला म्हणत होता, "कशापायी भूस भरलं वो मास्तर, दगडं भरायची." सगळा कार्यक्रम गेला असं मला वाटलं. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, चेहरा पांढरा पडलेला. लोक अंगणात पांगायला लागले होते.

ऋतुजा पायरीवर चढली आणि काठी म्हशीकडं केली.

"समुद्रात ह्येला देवमासा खातो," ती म्हणाली. "हितं म्हैस खाती. तिथं बी असंच व्हतं. ह्येला कुनी सोडवायला येत न्हाई."

लोक इतके हसले की परत सगळे आत आले. मी भागवतकडं बघत होतो. तोही हसत होता, पण हसता हसता आजूबाजूच्यांकडं बघत होता, की ही आपली पोरगी आहे हे त्यांना माहीत आहे का. शेवटी ज्या माणसाला मी कधी दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानं हात वर केला. स्वतःच्या पोरीला प्रश्न विचारायला. आधी त्यानं घसा साफ केला.

"ह्येचे आईबाप कुठं असत्यात?"

ऋतुजाला उत्तर पाठ होतं. तिनं सांगितलं, की अंडी घालून झाली की आई फार दिवस जगत नाही. पिल्लू तांदळाएवढं असतं, तेव्हापासून एकटंच वाढतं, एकटंच खोल जातं.

"मंग भ्या न्हाई वाटत का त्येला? एवढ्या अंधारात?"

हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं. पोरीनं वळून माकुळाकडं बघितलं. मी दोन स्टीलची ताटं काळी रंगवून त्याचे डोळे केले होते, कारण खरे डोळेही ताटाएवढेच असतात.

"वाटत आसंल," ती म्हणाली. "पर डोळं केवढं हायत बघा की. त्येला दिसतंय."

 मीरानं कडेवरच्या धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं. बाईंनी भाषण केलं नाही. दाराशी टेबलावर यादीचा कागद आणि पेन ठेवलं होतं, तिकडं नुसतं एकदा बघितलं. त्या दिवशी यादीत एकही नाव लागलं नाही. लोक माकुळाच्या हाताला हात लावून, रिंगा मोजून, मला "मास्तर, लई भारी" म्हणून निघून गेले. मी बाईंना म्हणालो, बघायला आले खरे. बाई म्हणाल्या, हो, आले. आम्ही दोघांनी मिळून उरलेलं भूस पोत्यात भरलं आणि ते म्हशीच्या मालकाला देऊन टाकलं.

दोन दिवसांनी भागवत दुकानात आला. बरोबर ऊसतोडीच्या मुकादमाचा माणूस होता, त्याला बाहेर चहाच्या टपरीवर बसवून तो एकटाच आत आला. मी त्याची गुंडाळी काढून समोर ठेवली. तो तिच्यावरचं स्वतःचं नाव वाचत उभा राहिला. पंधरा बाय अठरा.

"मास्तर, ही दहा-बारा करून द्या."

मी काय ऐकलं ते मला कळलं होतं, तरी मी विचारलं, की ऋतुजाचं काय? तो म्हणाला, पोरगी आत्याकडं राहील, धाकट्याला ते दोघं घेऊन जातील, आणि बाईंकडं नाव दिलंय. मग म्हणाला, की मीरा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि आज सकाळी तिनंच यादीवर अंगठा उठवला, त्यानं सही केली.

मी ताडपत्री जमिनीवर पसरली आणि धंद्याची गोष्ट सांगितली. नवं कापड कापू नये. जादा भाग आत दुमडून वरून टीप मारतो, वर्षभर काही होत नाही. उद्या विचार बदलला, तिकडं पोरीची गरज पडली, तर टीप उसवायची की पुन्हा पंधरा-अठरा. शिंप्याकडं कपडा वाढवायला दाब ठेवतात तसंच. मी सगळ्यांना असंच करून देतो.

भागवत ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसला. जिथून दुमडायचं तिथं त्यानं बोटानं रेघ ओढली.

"कापा," तो म्हणाला. "दुमडून ठिवलं तर मी उसवीन."

मी पट्टी लावली, खडूनं आखलं आणि कात्री घेतली.   भागवत दुसऱ्या बाजूनं कापड ताणून धरून बसला होता.